रूळ वाजल्यावर

१

दाढी झाली की आदेलिनो क्वारेज्मा रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी शर्टाच्या डाव्या खिशात टाकायचा आणि खिशाचं बटण लावायचा. बायको गेल्यापासून हा नेम एकदाही चुकला नव्हता. उभं आयुष्य पोर्तुगालमधल्या कोव्हिल्याच्या लोकरीच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेलं. वस्तू जागच्या जागी असल्या की याचंही डोकं जागेवर. जेवणाआधी एक गोळी, मग सूप, मग बाकीचं जग.

त्या रविवारीही पट्टी खिशात गेली, बटण लागलं. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"बाबा, लग्नाला निघालाय का? आटपा!"

ओतिलिया त्याची एकुलती एक. पस्तिशीची, शाळेत भूगोल शिकवणारी, स्वतःच्या लग्नाच्या भानगडीत न पडलेली आणि बापाच्या भानगडीत गळ्यापर्यंत बुडालेली. आई गेल्यावर तिची अंगठी हिने बोटात घातली. सैल होती म्हणून आतून निळी लोकर गुंडाळली, गिरणीतलीच. रोज संध्याकाळी येऊन ती बापाला दोन वाक्यं बोलायला लावायची. तिसरं मिळालं तर दिवस चांगला गेला म्हणायची. आदेलिनोचा जीव तिच्यात होता. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं, आणि आपल्यालाही आधीच ठाऊक असलेलं बरं.

महिन्यापूर्वी फोन तिनेच उचलला होता. "बाबा, तुमचा जुना सार्जंट! मोझांबिकमधला! बेल्मिरो नाव सांगतोय. जेवायला बोलावतोय." आदेलिनो नको नको म्हणेपर्यंत तिने हो म्हणूनही टाकलं. युद्धावरून परतलेल्या इतर पलटणी दर वर्षी जमतात, चर्चमध्ये मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणतात, मग कोकराचं मटण चापून पोटं आत ओढत फोटो काढतात. आदेलिनो अडतीस वर्षांत एकदाही कुठे गेला नव्हता. घरी बसून जुनी घड्याळं उघडायचा आणि परत मिटायचा.

लहानपणी ओतिलिया वर्गात सांगायची, "माझे बाबा युद्धात मीठ वाटायचे." घरात तसा फोटोच होता. गणवेशातला कोवळा बाप, काखेत मिठाचं पोतं, समोर ओंजळी पसरून उभ्या असलेल्या बायकांची रांग. फोटो खोटा नव्हता. फोटो एवढंच दाखवतो, त्याला तो तरी काय करणार!

२

बेल्मिरोची चेरीची बाग गार्दुन्या डोंगराच्या पायथ्याशी होती. गाडी फाटकाबाहेर ठेवून झाडांमधून बरंच चालत जावं लागलं. टोकाला वाइन मुरवायची दगडी कोठी. भिंती हातभर जाड, खिडकी नाही, एकच ओकचं दार, दाराला आतून लोखंडी अडसर आणि खाली कोपऱ्यात मांजराला जायला-यायला भोक.

दारात बेल्मिरो झाडू मारत होता. तेव्हाचा काटकुळा सार्जंट आता पिंपासारखा गोल झाला होता.

"आला! गिरणीतला उंदीर आला! अरे, केस कुठे गहाण ठेवलेस?"

"तुझ्या पोटाच्या बदल्यात दिले," आदेलिनो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. इतक्या वर्षांत त्याने कुणाशी चेष्टा केली नव्हती. ओतिलियाने आनंदाने त्याचा दंड दाबला.

मग त्याचं लक्ष झाडूकडे गेलं. उंबऱ्यापाशी लाल मातीचा पट्टा पडला होता. या मुलखात दगड राखाडी, माती राखाडी, गाढवंसुद्धा राखाडी. ही माती मात्र भाजलेल्या विटेसारखी लाल होती.

"कौलं फोडलीस काय?"

"छे! दर वर्षी याच सुमाराला येते."

"कुठून?"

"वाऱ्याने," बेल्मिरो म्हणाला आणि झाडत राहिला.

चेरीचं पानही हलत नव्हतं. आदेलिनोने चिमूटभर माती बोटांत चोळली. गावात कुणीतरी बांधकाम काढलं असेल, ट्रक गेला असेल, ट्रकमधून सांडली असेल. सगळं शक्य होतं. फक्त या वासाची माती पूर्वी दोन वर्षं त्याच्या नखांत होती आणि घरी आल्यावर आईने ब्रशने घासून काढली होती. त्याने हात पँटला पुसला.

आत दोघे बसले होते. ट्रक चालवणारा आणि वेळ पडली की मचाणावर बंदूक घेऊन बसणारा झाकारियास, अजून तसाच वाचाळ. आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा तोमे, तेव्हाही हळू बोलणारा, आता तर ओठांतल्या ओठांत. सगळे उठून गळ्यात पडले. आदेलिनोच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. माणूस कुणालाही पाहून रडू शकतो.

दाराशेजारच्या भिंतीवर खुंट्या होत्या. एका खुंटीवर काळी टोपी, दुसरीवर करडी हॅट, तिसरीवर बाईमाणसाचा फुलाफुलांचा रुमाल. तिन्हींवर धूळ. चौथ्या जागी नुकताच ठोकलेला खिळा चकाकत होता. ओतिलियाने आपली गवती हॅट त्या खिळ्यावर अडकवली.

झाकारियासचं हसू मध्येच थांबलं. "पोरी, तो खिळा..."

"राहू दे," बेल्मिरो म्हणाला. "खिळा तो खिळा."

३

कोकरू बाहेरच्या भट्टीतून केव्हाच आत आणून झाकून ठेवलं होतं. मक्याचा पाव, चीज, ऑलिव्ह, कोपऱ्यातल्या शेगडीवर सूप, आणि पिंपातून थेट काढलेली वाइन. दुसऱ्या पेल्यानंतर ओतिलियाने विषय काढला.

"काका, तुम्ही तिथे नेमकं काय करायचात? बाबांना विचारलं की ते घड्याळ उघडून बसतात."

"तुझ्या बापाला बोलायला लावायचं म्हणजे खेचराला चर्चमध्ये प्रार्थना म्हणायला लावायचं," झाकारियास म्हणाला.

बेल्मिरोने खुर्ची मागे रेलली. "आम्हाला मनपथक म्हणायचे, पोरी. जंगल बंदुकीने घ्यायला दुसरे होते. आम्ही माणसांची मनं घ्यायची. रानात इकडेतिकडे विखुरलेल्या झोपड्या होत्या, बंडखोर येऊन त्यांचं धान्य न्यायचे. आम्ही त्या सगळ्यांना एका जागी आणलं. नवीन गाव वसवलं, सांता लुझिया. सरळ रस्ते, विहीर, दवाखाना, सभोवती कुंपण. मीठ दिलं, कापड दिलं, पडद्यावर सिनेमा दाखवला."

"आणि जुन्या झोपड्या?"

"त्या जाळाव्या लागल्या," तोमे पुटपुटला. "नाहीतर परत गेले असते."

ओतिलियाने बापाकडे पाहिलं. तो पावाचे तुकडे करत होता.

"आणि हे काय?" तिने वर बोट दाखवलं. तुळईला साखळीने रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, शेजारी हातोडी.

"ही गावाची घंटा! यंत्राचे सुटे भाग म्हणून पेटीत घालून आणली मी घरी. संध्याकाळी रूळ वाजला की शेतावरच्या सगळ्यांनी कुंपणाच्या आत यायचं, मग फाटक बंद. तुझा बाप फाटकावर. आता आम्ही जेवणाला वाजवतो. रूळ वाजला, अडसर पडला, की मग सूप. बाहेर राहिला तो राहिला." बेल्मिरो हसला. "आमची आपली म्हाताऱ्यांची गंमत."

ओतिलियाही हसली. बापाच्या ताटात तिने चीजचा मोठा तुकडा ठेवला. "पाहिलंत? एवढं सांगायला पस्तीस वर्षं लावलीत!"

तेव्हाच आदेलिनोला बाहेरून बायकांचे आवाज ऐकू आले. लांबून, झाडांमधून, कामावरून परतणाऱ्या बायका बोलतात तसे.

"तोडणीवाल्या आज पण आल्यात?" त्याने विचारलं.

"रविवारी?" बेल्मिरोने त्याचा पेला भरला. "चेरी अजून हिरवी आहे, आदेलिनो."

४

आता आदेलिनोला जे आठवलं ते सांगितलं पाहिजे. त्याने स्वतः ते कुणाला सांगितलं नसतं.

मोझांबिकच्या त्या लोकांत दुसऱ्याच्या दारात सरळ शिरत नाहीत. अंगणाच्या कडेला थांबून 'होदी' म्हणतात, म्हणजे येऊ का. आतून 'कारिबू' आलं की यायचं. उत्तर नाही आलं तर बाहेरच उभं राहायचं, कितीही वेळ. मनपथकात ही रीत आदेलिनोनेच आधी शिकून घेतली आणि बाकीच्यांना शिकवली. बायका तोंडावर हात धरून हसायच्या, की हा गोरा पोरगा होदी म्हणतो! त्याला त्यांनी केळी आणून दिली होती. खरं सांगायचं तर मनं जिंकण्यात तो सगळ्यांत हुशार होता.

रूळ वाजल्यावर जो कुंपणाबाहेर तो शत्रू, असा हुकूम होता. रूळ मात्र सूर्य टेकल्यावर वाजायचा. एका रविवारी लिस्बनच्या मैदानावर मोठी मॅच होती. तोमेने मोठ्या खटपटीने रेडिओवर स्टेशन लावलं होतं. मॅच सुरू झाली तेव्हा सांता लुझियात ऊन अजून चांगलं तापलेलं होतं. मध्येच उठून फाटक कोण सांभाळणार? बेल्मिरोने हातोडी उचलली.

"अजून वेळ आहे," आदेलिनो म्हणाला होता.

"मी वेळ झाली म्हटलं की झाली."

रूळ वाजला. आदेलिनोने फाटक लावलं. शेतावरच्या बायका धावत आल्या, डोक्यावरची गाठोडी टाकून. फाटकापाशी येऊन थांबल्या आणि आरडाओरडा न करता, रीतीप्रमाणे, म्हणाल्या, "होदी." एकीने फळ्यांच्या फटीतून बोटं आत घातली. ती आदेलिनोला ओळखत होती. त्याला उत्तर येत होतं. मागे रेडिओवर कुणीतरी गोल मारला, बेल्मिरो ओरडला, "बंद म्हणजे बंद!" आणि आदेलिनोने फाटक खांद्याने दाबलं. मचाणावरच्यांनी हुकूम पाळला.

मॅच आपण जिंकली. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे मीठ वाटलं. रांग जरा आखूड होती.

५

"टोप्या कुणाच्या?" आदेलिनोने विचारलं. ओतिलिया भिंतीवरच्या जुन्या छायाचित्रांपाशी गेली होती.

"काळी फिर्मिनोची. करडी नॉर्बेर्तोची. मचाणावर असायचे ते." झाकारियासने खांदे उडवले. "फिर्मिनो मुतायला गेला होता. आम्ही गंमत म्हणून दार उघडलं नाही. गेल्या वर्षी नॉर्बेर्तो, विडी ओढत होता."

"म्हणजे काय झालं?"

"बाहेर राहिले."

"हार्ट अटॅक," बेल्मिरो घाईने म्हणाला. "म्हातारी माणसं, भरपेट दारू, ऊन. डॉक्टरने तसंच लिहिलं."

हार्ट अटॅक. आदेलिनोने तो शब्द घट्ट धरला. माणसं मरतात, जेवणाला आलेलीही मरतात. गिरणीतली निम्मी माणसं मेली, तिथे कुणी रूळ वाजवला होता?

"मग वाजवू नका," तो म्हणाला.

"एकदा नाही वाजवला." बेल्मिरोने वर पाहिलं. "त्या वर्षी त्याचा तोच वाजला."

"आणि रुमाल?"

तोमेने पाव सुपाच्या रिकाम्या वाडग्यात ठेवला. "माझ्या बायकोचा. त्याच वर्षी. मी तिला पुदिना आणायला पाठवलं होतं." त्याने डोळे उचलले. ते आदेलिनोवर थांबले नाहीत, त्याच्या मागे उभ्या असलेल्या ओतिलियावर गेले आणि पुन्हा वाडग्यात पडले. "पुदिना लागत नव्हता खरं तर."

बाहेर बायका आता बऱ्याच जवळ आल्या होत्या. शब्द कळत नव्हते, सूर ओळखीचा होता. बेल्मिरो उठला आणि हातोडीपाशी जाऊन उभा राहिला.

"आदेलिनो," तो गोड आवाजात म्हणाला, "पहिल्या झाडाखाली बर्फाची टोपली ठेवलीय, वाइन गार करायला. तेवढी आण ना. तू दारापाशीच बसलायस."

झाकारियास टेबलावरच्या रेघा मोजत असल्यासारखा खाली बघत होता. भिंतीवर नवा खिळा चकाकत होता. अडतीस वर्षं ज्यांना आपली आठवण झाली नाही, त्यांनी या वर्षी फोन करून, शोधून काढून, का बोलावलं ते आदेलिनोला लख्ख कळलं. खिळा त्याच्या टोपीसाठी ठोकला होता. आज तो टोपी घालून आला नव्हता, एवढंच.

इतकी भीती त्याला तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा तो फाटकाच्या आत होता.

उठून ओतिलियाचा हात धरायचा, दोघांनी मिळून गाडीपर्यंत धावायचं. हा विचार त्याला आला. येऊन गेला. दोघं बाहेर असताना रूळ वाजला तर? आणि असलं काही नसतंच. दिवसाढवळ्या, कोकराच्या जेवणाला, काय होणार आहे? काहीच होणार नाही. आणि काहीच होणार नसेल, तर कुणीही गेलं तरी काय बिघडतं?

"ओतिलिया," तो म्हणाला. "बाळ, माझ्या गोळ्या गाडीत राहिल्या."

"खिशात नाहीत?"

"नाहीत."

"अगंबाई, तुम्ही आणि गोळ्या विसरलात! आज खरंच खूश आहात म्हणजे." तिने जाता जाता त्याच्या टकलाचा मुका घेतला. "येताना बर्फ पण आणते, काका. सूप वाढू नका हं माझ्याशिवाय."

हॅट घ्यायला ती विसरली. दारातून ऊन आत आलं आणि ती उन्हात गेली.

बेल्मिरोने आदेलिनोकडे पाहिलं. तो जरा चकित झाला असावा. मग त्याने मान हलवली, एखाद्याला ओळखल्यासारखी.

"अजून वेळ आहे," आदेलिनो म्हणाला. "सूप उकळलं नाही अजून."

"मी वेळ झाली म्हटलं की झाली," बेल्मिरो म्हणाला आणि रुळावर हातोडी मारली.

६

अडसर कुणी टाकला? कुणीही उठलं नव्हतं. दारापाशी बसला होता तो आदेलिनो, आणि लोखंडाचा गारवा त्याच्याच तळहाताला लागला होता.

बराच वेळ काही नाही. सूप खदखदत होतं. मग पावलं, धावत आलेली, आणि दारावर थाप.

"बाबा? दार लावलंत? काय हो, पोरासोरांसारखं! गोळ्या नाहीत गाडीत. सगळी गाडी शोधली."

आदेलिनोने तोंड उघडलं. बेल्मिरोने बोट ओठांवर ठेवलं.

"उत्तर दिलंस तर सगळ्याच आत येतील," तो कुजबुजला. "तुला तर रीत ठाऊक आहे."

"बाबा, ऐकताय ना? इथे बायका आल्यात." आवाज अजून हसरा होता, पण हसू पातळ होत चाललं होतं. "बऱ्याच आहेत. मला वाटतं तोडणीवाल्या. त्या तुम्हाला ओळखतात म्हणे." थाप पुन्हा पडली. "बाबा, यांना... बाबा, दार उघडा ना. गंमत पुरे झाली."

पूर्वीसारखाच तो खांदा दाराला लावून उभा होता. उभा कधी राहिला ते त्याला कळलं नाही. दारापलीकडे पुष्कळ माणसं अंग चोरून उभी असल्याचा उबारा फळ्यांतून येत होता. कुणीतरी तिला हळू आवाजात काहीतरी शिकवत होतं, न रागावता, लहान मुलाला शिकवावं तसं. दोनदा, तीनदा.

मग ओतिलिया, अगदी शहाण्या मुलीच्या आवाजात, म्हणाली, "होदी."

ही ती नाही, आदेलिनोने स्वतःला सांगितलं. तिला हा शब्द येतच नाही. मी तो घरात कधी उच्चारला नाही. हे दुसरंच काहीतरी आहे, तिचा आवाज घेऊन आलेलं. ती गाडीत बसून रेडिओ लावत असेल. तर्क नीट होता, घड्याळातल्या चाकांसारखे सगळे दात एकमेकांत बसत होते. त्याला हायसं वाटलं.

खाली मांजराच्या भोकातून चार बोटं आत आली. लाल मातीने माखलेली. ती जमीन चाचपत होती, त्याचा बूट शोधत होती. एका बोटात सैल अंगठी होती, आणि अंगठीच्या आतून निळ्या लोकरीचा धागा सुटून लोंबत होता.

त्याला उत्तर येत होतं. एकच शब्द.

आदेलिनोने कोपऱ्यातलं पिंपाचं लाकडी झाकण पायाने सरकवलं आणि भोकावर दाबून धरलं. बोटं काढून घ्यायला त्याने वेळ दिला. तेवढा तो वाईट नव्हता.

हाक आणखी थोडा वेळ येत राहिली. मग बायका निघाल्या. बोलत, हळूहळू, झाडांमधून लांब. त्यांच्यात एक आवाज नवा होता.

बेल्मिरोने सूप वाढलं. एक घोट घेऊन झाकारियासने तोंड वाकडं केलं. "मीठ कमी आहे, लेको."

आदेलिनोने मिठाचं भांडं उचललं. सवयीने त्याने प्रत्येकाच्या वाडग्यात चिमूट चिमूट सोडली, वयाने मोठ्यापासून सुरुवात करून. भिंतीवर गवती हॅट अजून स्वच्छ होती.

"तुझी गोळी?" तोमे हळूच म्हणाला. "जेवणाआधीची. राहायची नाहीतर."

आदेलिनोने डाव्या खिशाचं बटण काढलं, पट्टीतली एक गोळी दाबून बाहेर काढली आणि वाइनबरोबर गिळली. पट्टी परत जागेवर ठेवली. मग खिशाचं बटण लावलं.